संध्याकाळचे पाय

बूट सकाळी घ्यायचे नसतात, योरिंडे.
सकाळचे पाय खोटं बोलतात.
रात्रभर गादीवर लोळून आलेले,
कुठल्याही अरुंद गोष्टीला हो म्हणून टाकतात.
संध्याकाळी जायचं. दिवसभराचं ओझं वाहून
ते फुगले, की त्यांना
आपलं खरं माप आठवतं.

इथं हानोवरमध्ये सत्तावीस एप्रिल
मी व्हॉल्व्हच्या शेजारी उभी आहे.
पितळी व्हॉल्व्ह, पोलादी व्हॉल्व्ह,
आणि तो एक, आरपार कापलेला,
आतलं सगळं दाखवणारा. लोकांना तोच आवडतो.
मला कुणी तसं कापून ठेवलं
तर टाचेपासून कमरेपर्यंत
याच हॉलची फरशी सापडेल.

गालिच्यावर भुलू नकोस.
दरवर्षी नवा, दरवर्षी निळा,
करंगळीच्या नखाइतका जाड.
खाली काँक्रीट आहे. काँक्रीटला
सकाळी दहाला काही म्हणायचं नसतं.
दोनच्या पुढे ते बोलू लागतं,
आधी टाचेशी, मग गुडघ्याशी,
आणि पाचच्या सुमाराला, समोर इस्तंबूलचा ग्राहक
दाबाचे आकडे विचारत असताना
तळपायाची आग मस्तकात जाते.
बोलण्यातली नव्हे, खरोखरची.
चेहऱ्यावर हसू ठेवायचं. पगार त्याचाच.

पहिल्या वर्षी माझेही असेच होते, टोकदार,
बहिणीच्या लग्नातले.
आई म्हणाली होती, आता स्वतःच्या पायांवर उभी राहा.
तिला काय ठाऊक, कंपनी ते
इतकं शब्दशः घेईल.
तिसऱ्या दिवशी मोजा सोलून काढला
तेव्हा त्याच्यासोबत…
राहू दे. तू अजून जेवायची आहेस.

मग मी नर्सबायकांचे बूट शोधले.
पांढरे, पावासारखे फुगलेले, कुरूप.
घरी बसून काळ्या पॉलिशचे तीन हात दिले.
लुडेमान साहेबांची नजर
टेबलाच्या खाली उतरत नाही.

अर्धा नंबर मोठे घे. अंगठ्यापुढे
एक वाटाणा मावेल एवढी जागा.
जोड दोन हवेत, कारण बूटही थकतात,
पुन्हा बूट व्हायला त्यांना एक रात्र लागते.
मोजे लोकरीचे. सुती मोजे घाम धरून बसतात
जुन्या भांडणासारखा.
आणि नवे बूट कधीही प्रदर्शनात पहिल्यांदा…
आता हे सांगून काय उपयोग. काढ ते.

काढ म्हणते ना. काउंटरमागे कोण बघतंय?
हा घे माझा दुसरा जोड.
मला एक्केचाळीस लागतो, तुला अडतीस. असू दे.
ती माहितीपत्रकं दे इकडे,
गुळगुळीत, चार रंगांतली,
जी लोक हसून घेतात
आणि ट्रॅमच्या थांब्यावर सोडून जातात.
चुरगळ. पुढे कोंब. अजून एक.
बघ, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
ती कुणाच्या तरी उपयोगी पडली.

काल लुब्लिनहून एक गृहस्थ आले होते.
पितळी पाहिला, पोलादी पाहिला,
कापलेल्यात बोट घालून पाहिलं.
मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले,
बाई, हे बूट कुठं मिळतात?
कॅटलॉगच्या पाठीवर दुकानाचं नाव लिहून दिलं.
अख्ख्या दिवसात तेवढं एकच उत्तर
मी मनापासून दिलं असेन.

ऊठ. चालून बघ.
कागदाचा आवाज येतोय? येऊ दे.
सहाला दिवे मंद होतात,
स्टेशनजवळचं ते दुकान आठपर्यंत उघडं असतं.
आपण दोघी पाय काढता घेऊ.

सरळ उभी राहा, साहेब येताहेत.
त्यांनाही विचारू या का, येता म्हणून?
बघ ना, मघापासून
एकाच पायावर उभे आहेत.